ल्युडमिला आत्या बोलली

शनिवारी दुपारी दोन वाजता हेमलॉक स्ट्रीटवर गाडी लावायला जागा उरली नव्हती. ब्रदर एल्डनच्या व्हरांड्यात माणसं, पायऱ्यांवर माणसं, पायऱ्यांखालच्या हायड्रेंजियाच्या झुडपातसुद्धा दोन माणसं. कुणीतरी चर्चच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्या उचलून आणल्या होत्या आणि त्याही पुरत नव्हत्या. बर्निस यानोस्कीला तिच्याच व्हरांड्यातल्या तिच्याच झोपाळ्यावर जागा मिळाली नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि धुमसत होती.

शाफ्टनमधली बहुतेक घरं अशीच, जोडघरं. खाणीच्या काळात बांधलेली. एक छप्पर, मधे एक भिंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बिऱ्हाड. पुढचा व्हरांडा एकच, त्याच्या मधोमध गुडघ्याएवढा कठडा. मार्च महिन्यात पलीकडचं बिऱ्हाड रिकामं झालं आणि तिथे ब्रदर एल्डन राहायला आला. तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी मेलेली माणसं शेजारी येऊन बोलायला लागली.

आत बैठकीच्या खोलीत तो डोळे मिटून बसला होता. खिडकी सताड उघडी, बाहेरच्यांनाही चमत्कार ऐकू यावा म्हणून. समोर म्हातारा स्टश कोवाल, टोपी मांडीवर घेऊन.

"मी कोण?" एल्डन म्हणाला. "मी कुणी नाही. मी नळी आहे, नुसती नळी! वरून येतं, खाली जातं."

"गटाराची," बर्निस पुटपुटली. शेजारच्या मिसेस डोम्ब्रोस्कीने डोळे वटारले.

"वॉल्टर आलाय," एल्डन म्हणाला. "स्टश, तुझा भाऊ. काय म्हणतोस वॉल्टर? कुत्रा? आणि... रुबार्ब?"

स्टशच्या मांडीवरची टोपी खाली पडली. "अरे देवा! बाबांचा शिकारी कुत्रा! आमच्याच ट्रकखाली आला होता. आम्ही दोघांनी तो परसातल्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात पुरला आणि बाबांना सांगितलं, पळून गेला. साठ वर्षं झाली हो!"

"वॉल्टर म्हणतो, बाबांनी कधीच माफ केलंय."

व्हरांड्यात हुंदका उमटला. मिसेस डोम्ब्रोस्कीने छातीवर क्रूसाची खूण केली. झुडपातला एकजण म्हणाला, "रुबार्बसकट सांगितलं, बघा!" बर्निसने एकतीस वर्षं शाफ्टनच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं होतं. अशी गर्दी तिने फक्त एकदाच पाहिली होती, प्रयोगशाळेत आग लागली तेव्हा, आणि तेव्हा निदान लोक बाहेरच्या दिशेने पळत होते.

मग एल्डनने हाक मारली, "इरीन."

बर्निसने खिडकीतून आत मान घातली. इरीन तिची धाकटी बहीण. घटस्फोटानंतर नऊ वर्षं तिच्याकडेच राहत होती. इरीनच्या छातीत गाठ निघाली होती. येत्या बुधवारी सकाळी शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं होतं आणि ते दोघींशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

"तुझी आई आलीय, इरीन. तिने छातीवर हात ठेवलाय." एल्डनचा आवाज मधासारखा चिकट झाला. "ती म्हणते, सुरीने मला नेलं. बुधवारी तुला नेऊ देऊ नकोस. गाठ विरघळेल. मी विरघळवीन."

इरीन पांढरीफटक पडली. आणि बर्निसला, खोटं कशाला सांगा, क्षणभर काहीच सुचेना. आईचं ऑपरेशन, त्यानंतर शुद्धीवर न येता तिसऱ्या दिवशी आलेलं मरण, इरीनची भीती, बुधवार, सगळं बरोबर होतं. तिने स्वतः कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर दोघी झोपाळ्यावर बसल्या. शाफ्टनची ही जुनी खोड. जोडघराची मधली भिंत इतकी पातळ की पलीकडचा शिंकला तर अलीकडून 'देव भलं करो' म्हणावं. म्हणून आत बोलायचं ते हवापाण्याचं आणि जेवणाचं. जे खरं बोलायचं ते बाहेर येऊन, व्हरांड्यात, हळू आवाजात. लग्नं तिथेच ठरायची, तिथेच मोडायची.

"मी सोमवारी फोन करून रद्द करणार," इरीन म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? डॉक्टर म्हणाल्या, गाठ लहान आहे, आत्ताच काढली तर बरी होशील. त्या बाईने दहा वर्षं शिक्षण घेतलंय. हा मनुष्य मार्चपर्यंत गालिचे विकत होता!"

"मग त्याला कसं कळलं, बर्नी? सांग ना! तू एवढी शिकलेली, सांग. कसं कळलं?"

बर्निसने रागाने झोपाळ्याच्या साखळीवर चापट मारली आणि हातालाच लागलं.

"मंगळवारच्या बैठकीपर्यंत थांब," ती शेवटी म्हणाली. "एवढं माझ्यासाठी कर. मग तुला जे करायचं ते कर."

इरीनने पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाली, "मंगळवारपर्यंत. त्यापुढे नाही."

रविवारी चर्चहून आल्यावर बर्निस व्हरांडा झाडत होती. कठड्यापलीकडे एल्डनच्या दाराच्या चौकटीवर दारघंटीचा पांढरा डबा होता, काळ्या डोळ्याचा, त्याच्या फोनला जोडलेला. डब्याचा डोळा तिरका, थेट तिच्या झोपाळ्याकडे. एप्रिलमध्ये त्याने तो बसवला तेव्हा ती तडक पोलीस चौकीत गेली होती. सार्जंट क्लिंट लेनहान तिचाच जुना विद्यार्थी, रसायनशास्त्रात दोनदा नापास झालेला. तिला पाहून तो अजूनही खुर्चीतून उठायचा.

"बाई, आपल्या घरावर कॅमेरा लावायला इथे कुणाची परवानगी लागत नाही," त्याने तेव्हा सांगितलं होतं. "रस्ता, फुटपाथ, शेजारचा व्हरांडा, जे येणाऱ्याजाणाऱ्याला उघड दिसतं ते कॅमेऱ्याला दिसलं तर त्यात गुन्हा नाही. तुमच्या झोपायच्या खोलीत डोकावला तर सांगा, मी बेड्या घेऊन येतो."

"अरे, तो माझ्या झोपाळ्याकडे बघतो!"

"झोपाळा रस्त्यावरून दिसतो, बाई."

ती हात हलवत परत आली होती. एल्डन कठड्यापलीकडून हसला होता आणि म्हणाला होता, "पार्सलं चोरीला जातात हो ताई, दुसरं काय!" तेव्हापासून त्या डब्याकडे बघितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि सहा महिने रोज बघून बघून आता ती बघेनाशी झाली होती.

तेवढ्यात सामान पोचवणारी एक मुलगी भलंमोठं खोकं घेऊन पायऱ्या चढली. एल्डनची गाडी दारात नव्हती, तो नदीपलीकडे कुणाच्या तरी बारशाला गेला होता. मुलगी धापा टाकत बर्निसच्या बाजूला कठड्याला टेकली आणि स्वतःशीच पुटपुटली, "दगड भरलेत की काय यात!"

"दगड नाहीत, ताटं आहेत," डबा म्हणाला. एल्डनच्याच आवाजात. "जपून ठेव, बाळ. खुर्चीवर."

मुलगी दचकली नाही. तिला असे डबे रोज भेटत असणार. ती खोकं ठेवून निघून गेली. बर्निस मात्र झाडू हातात धरून तशीच उभी राहिली.

मुलगी पुटपुटली होती. ओरडली नव्हती. आणि उभी होती बर्निसच्या झोपाळ्यापाशी, जिथे बसून दोघी बहिणी गाठीबद्दल बोलत असत.

दुपारी स्टश कोवाल त्याच्या नेहमीच्या वेळी काठी टेकत रस्त्याने चालला होता. बर्निस धावतच फुटपाथवर गेली आणि त्याला कोपऱ्यापर्यंत ओढत घेऊन गेली.

"स्टश, ती कुत्र्याची गोष्ट तू कुणाला सांगितली होतीस?"

"कुणाला नाही! साठ वर्षं कुणाला नाही."

"आठव. शनिवारी नंबर लागायच्या आधी कुठे बसला होतास?"

"व्हरांड्यात. मिसेस डोम्ब्रोस्कीशेजारी. ती म्हणाली, तुला कुणाशी बोलायचंय? मी म्हटलं वॉल्टरशी. मग ती म्हणाली, काय विचारणार? मग मी..." स्टश थांबला. "पण तिने कुणाला सांगितलं नसणार. ती तर माझ्याबरोबरच बसून होती."

"आणि एल्डन कुठे होता?"

"आत, स्वयंपाकघरात. प्रार्थनेला. बैठकीआधी अर्धा तास तो तिथे एकटाच असतो. फोनसुद्धा आतच घेऊन जातो, कुणी मधेच त्रास देऊ नये म्हणून."

बर्निसने कपाळावर हात मारून घेतला.

लगेच जाऊन इरीनला सांगावं असं तिला फार वाटलं. पण ती आपल्या बहिणीला ओळखून होती. इरीन म्हणाली असती, डबा ऐकतो हे खरं, पण आईही येते. फाटलेल्या श्रद्धेला लोक असं ठिगळ लावतात हे बर्निसने आयुष्यभर पाहिलं होतं. त्यापेक्षा एक प्रयोग बरा. संध्याकाळी तिने इरीनला किराणा आणायच्या निमित्ताने गाडीत बसवलं आणि दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत इंजिन बंद केलं.

"इरीन, ऑपरेशनला नेताना आई शेवटचं तुझ्याशी बोलली होती ना? मी बाहेर फॉर्म भरत होते तेव्हा."

इरीनने मान वळवली. "हो."

"काय म्हणाली ते कुणाला सांगितलंस?"

"तुलासुद्धा नाही."

"मग आत्ताही सांगू नकोस. तोंडातून शब्द काढायचा नाही. एका कागदावर लिही, घडी घाल आणि कोटाच्या खिशात ठेव. मंगळवारी ब्रदर एल्डनला सांग, आईला विचारा, ती मला शेवटचं काय म्हणाली. तिचेच शब्द आहेत. तिला तर आठवतच असतील."

इरीनने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग पर्समधलं पेन काढलं. ती लिहीत असताना बर्निसने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

सोमवारी सकाळी इरीन चर्चच्या तळघरात पिरोग्या, बटाट्याच्या करंज्याच त्या, वळायला गेली. बर्निस कॉफीचा मग घेऊन झोपाळ्यावर बसली, बंद पडलेला जुना फोन कानाला लावला आणि हळू पण स्पष्ट आवाजात बोलायला लागली. "हो ना गं, ल्युडमिला आत्याची आठवण येते. इरीनचा किती जीव तिच्यावर! लग्नाच्या पंगतीत खसखशीचा रोल घशात अडकून गेली बिचारी. निळा झगा होता अंगात... शू, कुणाला बोलू नकोस." यानोस्कींच्या सात पिढ्यांत ल्युडमिला नावाचं मांजरसुद्धा नव्हतं.

मग ती पोलीस चौकीत गेली.

"क्लिंट, कॅमेऱ्याने पाहिलेलं चालतं असं तू म्हणालास. ऐकलेलं चालतं का?"

लेनहानच्या हातातलं पेन थांबलं. "ऐकलेलं? बाई, ते सगळं वेगळं प्रकरण आहे. दोन माणसं आपल्या जागेत खासगी बोलत असतील आणि तिसरा त्यांना न सांगता ते टिपत असेल, तर आपल्या राज्यात तो गुन्हा आहे. साधा नाही, मोठा."

"मग हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तुम्ही विचारलंच नाही, बाई. तुम्ही म्हणालात, तो बघतो."

प्रश्न अर्धवट विचारला की उत्तर अर्धवट मिळतं, हे एकतीस वर्षं बर्निस पोरांच्या कानीकपाळी ओरडत होती. आणि स्वतः सहा महिने अर्ध्या प्रश्नावर चरफडत बसली होती. आता तिला एल्डनपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

मंगळवारी दुपारी गर्दी शनिवारपेक्षा जास्त होती. इरीनचं काय होतं ते बघायला अख्खी गल्ली आली होती. लेनहान साध्या कपड्यांत पायऱ्यांशी उभा होता. या वेळी बर्निस आत शिरली आणि इरीनच्या शेजारी बसली.

एल्डनने डोळे मिटले. मान डोलवली. मग एकदम गळा धरला आणि खोकायला लागला. "कुणीतरी... गुदमरतंय! निळा झगा... लग्न... काळं, बारीक, खसखस! कोण तू? ल्यु... ल्युड... ल्युडमिला! ल्युडमिला आत्या! इरीन, ती म्हणते, माझी लाडकी इरीन, सुरीपासून लांब राहा!"

"आहाहा!" मिसेस डोम्ब्रोस्की खिडकीतून म्हणाली. "खसखससुद्धा दिसली!"

इरीनच्या कपाळाला आठी पडली. "कोण ल्युडमिला?"

"तुझी आत्या, बाळ."

"मला एकच आत्या. हेलन. ती फ्लोरिडात असते आणि ठणठणीत आहे."

"दूरच्या नात्यातली असेल," एल्डन म्हणाला.

"फार दूरची नाही," बर्निस म्हणाली. "काल सकाळी अकरा वाजता जन्मली. माझ्या झोपाळ्यावर, बंद फोनमध्ये. मीच जन्माला घातली आणि मीच मारली. खसखशीचा रोलही मीच अडकवला."

एल्डनचा चेहरा कळवळला. "खोट्याने आत्म्यांना वाटा चुकतात, ताई. तुम्ही दार उघडलंत, कुणीतरी भलतंच आत शिरलं."

"असेल हो!" मिसेस डोम्ब्रोस्की म्हणाली. "माझ्या आईची मावसबहीण ल्युडमिला होती! तीच आली असेल!"

"ती खसखशीने गेली का?"

"नाही, न्यूमोनियाने. पण खसखस तिला आवडायची!"

बर्निसला त्या खिडकीची काच फोडावीशी वाटली. एवढं स्वच्छ समोर मांडलं तरी लोक फसवणाऱ्याला स्वतःच पळवाट शोधून देतात, हात जोडून देतात. तिने लेनहानला हाक मारली.

"क्लिंट, तुझ्या दारावरही हाच डबा आहे ना? तुझा फोन दाखव यांना."

लेनहान दारात आला. त्याने फोन काढला, दोनदा बोट टेकवलं आणि आवाज मोठा केला. सहा गल्ल्यांपलीकडच्या त्याच्या दारातून त्याच्या बायकोचा आवाज खोलीत घुमला. ती शेजारणीला सांगत होती, "अगं, सार्जंट असेल चौकीत. घरी त्याला कचऱ्याचा डबासुद्धा सापडत नाही!"

झुडपातला माणूस इतक्या जोरात हसला की झुडूप हाललं. लेनहान कानापर्यंत लाल झाला. "आवाज बंद करायचं बटण असतं यात," तो म्हणाला. "मी आज घरी जाऊन ते दाबणार आहे. मिस्टर एल्डन, तुमचं बटण चालू आहे का?"

"माझा कॅमेरा कायदेशीर आहे! तुम्हीच या बाईंना सांगितलं होतं!"

"बघणं कायदेशीर आहे, असं सांगितलं होतं. हा व्हरांडा अर्धा यांचा. तिथे माणसं कानात बोलतात ते तुम्ही त्यांना न सांगता ऐकता आणि साठवता की नाही, ते आता न्यायाधीश विचारतील. तो फोन टेबलावरच राहू द्या. काही पुसायचं नाही."

"माझ्या कुत्र्याचं तू ऐकलंस?" स्टश उठून उभा राहिला होता. त्याचा आवाज चिरकत होता. "प्रार्थनेला म्हणून आत जाऊन? बाबांनी माफ केलं, ते कोण बोललं मग? तूच?"

एल्डन टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. आणि तरी, तरीही, मागून कुणीतरी कुजबुजलं, "पण माझा गुडघा बरा झाला होता." कुणीतरी म्हणालं, "थोडं ऐकतही असेल, पण थोडं दिसतही असेल त्याला." माना डोलल्या. बर्निसने डोळे मिटून घेतले. एवढं करूनही हे संपणार नव्हतं.

तेव्हा इरीन बोलली. मोठ्याने नाही. "ब्रदर एल्डन, एकच विचारते. आई ऑपरेशनला जाताना मला शेवटचं काय म्हणाली?"

सगळ्यांनी माना वर केल्या. एल्डनने कपाळावरचा घाम पुसला. त्याला वाटलं असावं, हीच एक फट उरलीय.

"ती म्हणाली... ती म्हणाली, मला भीती वाटते, बाळ. मला इथून घरी ने."

इरीनने कोटाच्या खिशातून कागद काढला. घडी उलगडायला तिला वेळ लागला. मग तिने तो वाचला नाही, शेजारी धरला. बर्निसने घेतला. पेन्सिलीसारख्या फिकट पेनने लिहिलेल्या दोन ओळी होत्या.

"'गाठ मला वर्षभर ठाऊक होती, इरीन,'" बर्निसने मोठ्याने वाचलं. "'मी उशीर केला. तू कधी करू नकोस.'"

स्टशने टोपी काढून हातात घेतली.

"सुरीने नाही गेली ती," इरीन म्हणाली. "उशिराने गेली. मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. पण भीती वाटते ना, मग माणूस जो म्हणेल नको जाऊस, त्याचंच ऐकतो." ती एल्डनकडे वळली. "बोललेलं सगळं तुला कळलं. लिहिलेल्या दोन ओळी कळल्या नाहीत. स्वर्गात वाचता येत नाही का रे कुणाला?"

गर्दी आपोआप मागे सरकली. स्टशने टोपी घातली आणि कुणाशी न बोलता पायऱ्या उतरून गेला. एकेक घडीची खुर्ची मिटल्याचा आवाज येऊ लागला.

व्हरांड्यात आल्यावर मिसेस डोम्ब्रोस्की बर्निसला अडवून म्हणाली, "आता आम्ही विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

बर्निस दमली होती. तिला भाषण करायचं नव्हतं. पण समोर अजून पंधरा-वीस माणसं थांबली होती आणि त्यातली निम्मी तिच्याच वर्गात बसलेली होती.

"ठेवू नका म्हणत नाही मी," ती म्हणाली. "चर्चला जा, मेणबत्ती लावा, मेलेल्यांसाठी रडा. पण कुणी तुमच्या मनातलं ओळखलं ना, तर आधी देव आठवू नका. आधी एवढंच आठवा, हे मी कुठे बोललो होतो आणि तिथे कोण ऐकत होतं? आणि कुणी म्हणालं औषध सोड, डॉक्टरकडे जाऊ नको, तर तो कितीही गोड बोलो, तिथून उठा. एवढं तरी करा. मी आणखी किती वर्षं शिकवू तुम्हाला?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिसेस डोम्ब्रोस्कीने वर त्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं, मग गेल्या सहा महिन्यांत इथे बसून आपण काय काय बोललो ते तिला आठवायला लागलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

सगळे गेल्यावर दोघी बहिणी झोपाळ्यावर बसल्या.

"वीस वर्षं हे पोटात ठेवलंस?" बर्निस रागावून म्हणाली. "मला आधी सांगितलं असतंस तर ती आत्या जन्माला घालायची वेळ आली नसती."

"तू कधी विचारलंस?"

इथे तर बर्निसने अर्धा प्रश्नही विचारला नव्हता. तिने कागदाची घडी पुन्हा नीट घातली आणि इरीनच्या हातात दिली.

"सकाळी सहा वाजता पोचायचंय हॉस्पिटलात," इरीन म्हणाली. "रात्री बारानंतर काही खायचं नाही म्हणालेत. पिरोग्या आहेत का अजून?"

"आहेत. कांदा परतते."

"हो, परत. आणि बर्नी, उद्या तू आत ये माझ्याबरोबर. बाहेर फॉर्म भरत बसू नकोस."